मातीवाचूनची मुळं

थंडी पडली की आमच्या पारनेरच्या माळावर सकाळी एक वास उठतो. दवानं भिजलेल्या कडब्याचा असतो, शेकोटीतल्या तुराट्यांचा असतो, आणि त्याच्याही खाली, ज्याला ठाऊक आहे त्यालाच येणारा, आसकंदाच्या मुळाचा असतो. पुस्तकवाले त्याला अश्वगंधा म्हणतात, कुणी ढोरगुंज म्हणतं. नाव काहीही घ्या, ताजं मूळ मोडून नाकाशी धरलं की घामेजलेल्या घोड्याच्या मानेचा वास येतो. हे मी ऐकीव सांगत नाही. माझा बाप टांगा हाकायचा. आमच्या घोड्याच्या मानेला गाल लावून मी लहानपणी झोपलेला माणूस आहे. ज्यानं घोडा हुंगला नाही त्यानं अश्वगंधेवर बोलू नये, असं माझं मत आहे आणि ते मी बदलणार नाही.

यंदा थंडी लवकर आली. चर्चपुढं पोरांनी कागदी चांदणी टांगली, तिच्यातला दिवा पहाटे धुक्यात भिजल्यासारखा दिसतो. असं धुकं दिसलं की मला तो एक हिवाळा आठवतो. त्या हिवाळ्यात माझ्या नातीनं संगमनेरला काचेच्या चंबूत, मातीवाचून, मुळं वाढवली. त्या हिवाळ्यात माझी बायको मार्था होती. शनिवारी संध्याकाळी एसटीचा आवाज आला की ती तव्यावर भाकरी टाकायची, आणि फाट्यावरून नात घरी पोचेपर्यंत भाकरी फुगलेली असायची. हे सगळं लिहून काढा, असं नातच म्हणाली. मी मिशनच्या शाळेत तिसरीपर्यंत गेलेला. म्हणालो, लिहितो, वेलांट्या तू बघ, मजकुरात हात घातलास तर फाडून टाकीन.

आमच्या घरामागं बांधाला आईचा आसकंद होता. लग्न होऊन आली तेव्हा आईनं माहेरचं बी पदराला बांधून आणलं होतं. एकदा टाकलं ते टाकलं, पुढं कुणी पेरलं नाही. फळं गळायची, पावसात उगवायची, जुनी झुडपं वठायची, नवी उभी राहायची. कमरेएवढी उंची, मळकट हिरवं पान, कागदी टोपीत झाकलेलं लाल फळ. शेळ्या तोंड लावत नसत. परक्याला ते सगळं रान वाटायचं. पण बाळंतीण अशक्त झाली, म्हाताऱ्याचे गुडघे धरले, पोराला झोप लागेना, की माणसं आमच्या दाराशी यायची आणि आई मूळ काढून द्यायची.

तिची रीत होती. उद्या मूळ काढायचं तर आज दिवस मावळताना झाडापाशी जाऊन सांगून यायचं, "उद्या येते गं, तयार ऱ्हा." आजूबाजूच्या बाया हळदकुंकू वाहून, सुपारी ठेवून झाडाला आवतण देत. आम्ही चर्चची माणसं, म्हणून आईचं नुसतं बोलणं. पाळकसाहेबांनी एकदा तिला हटकलं, तेव्हा तिनं विचारलं की साहेब, पाहुण्याच्या घरी जायच्या आधी आपण निरोप धाडतो का नाही? साहेब चहा पिऊन गेले. दुसरी रीत याहून कडक. मूळ एकटं द्यायचं नाही. त्याच्या खड्ड्यातली चिमूटभर माती त्याच फडक्याच्या कोपऱ्यात बांधून द्यायची. घेणाऱ्यानं ती आपल्या अंगणात टाकायची. लेकीला रिकाम्या हातानं कोण धाडतं, असं आई म्हणायची. आई गेली आणि ही रीत मार्थानं उचलली. सासू एखादे वेळी विसरली असेल, सून विसरली नाही.

नातीचं नाव शलोमी, घरात शलू. माझ्या लेकीची लेक. बाप मास्तर, आई मास्तरीण, आणि ही संगमनेरच्या कॉलेजात कसला तरी शोध लावायला बसलेली. आईबाप लांब, म्हणून सुट्टीला आमच्याकडं. ओसरीवर घोंगडी अंगावर घेऊन आम्ही तिघं बसायचो, मध्ये शेंगांचं टोपलं. शेंगा फोडायचा तो आवाज अजून कानात आहे. मार्था दाणे काढून आमच्यापुढं लोटायची आणि आम्ही दोघं भांडायचो. कसलं मजेचं भांडण होतं ते. आता ओसरीवर शेंगा आणून बसलो तरी टरफलं माझ्या एकट्याचीच होतात.

तिचं म्हणणं असं. मातीत एक जंतू असतो. झाडाला कुठं जखम झाली की तो तिथं शिरतो आणि स्वतःच्या अंगातला एक बारीक तुकडा झाडाच्या अंगात घुसडतो. झाडाला वाटतं, हे आपलंच. मग त्या तुकड्याच्या हुकमानं जखमेतून मुळं फुटतात. केसासारखी, भाराभर.

"म्हंजे सातबाऱ्यावर चोरून नाव लावून घेतल्यासारखं," मी म्हणालो.

ती इतकी हसली की मांडीवरचे दाणे सांडले. मग म्हणाली, "पण आजोबा, मुळं फुटली की त्या जंतूला आम्ही औषधानं मारून टाकतो. फक्त नाव राहतं."

"लावणारा मेला तरी नाव ऱ्हातंच की. तलाठ्याला इचार."

ही गोष्ट तिनं तिच्या सरांना सांगितली. सर आता तो धडा सातबाऱ्यापासूनच सुरू करतात असं ती म्हणते. खरं असेल. मला त्यात काही नवल वाटत नाही.

हे सगळं कशासाठी, तर औषधवाल्यांना आसकंदाचं मूळ लागतं आणि मूळ खणलं की झाड मरतं. डोंगरच्या डोंगर त्यापायी उघडे पडले. मूळ नुसतंच, झाडावाचून वाढवता आलं तर झाड मारायला नको. बोलणं पटण्यासारखं होतं, म्हणूनच मला ते पटवून घ्यायचं नव्हतं. मी म्हणालो, ज्याला पान नाही, खोड नाही, ज्यानं ऊन-वारा बघितला नाही, मुरमात डोकं घातलं नाही, त्या आईबापावाचूनच्या मुळात गुण कुठून येणार? आणि तिनं बांधावरचं बी मागितलं तेव्हा साफ सांगितलं की माझ्या आईचं बी मी बाटलीत घालायला देणार नाही.

तिची अडचण मला माहीत होती, नव्हती असं नाही. नर्सरीतून आणलेल्या बियांची रोपं ती सुईनं टोचून टोचून थकली होती. जखमा काळ्या पडायच्या, मूळ काही फुटायचं नाही. सरांनी सांगितलं होतं, हा हिवाळा बघू, हिवाळा सरेपर्यंत चंबूत मुळं वाढती दिसली नाहीत तर हे काम बंद. इकडं बापानं एका शाळेत तिच्यासाठी नोकरी बघून ठेवलेली. नोकरी वाईट नव्हती. पण ती पोर त्या कामाविषयी बोलायला लागली की तिचा चेहरा दिवाबत्ती केलेल्या घरासारखा व्हायचा. तो दिवा विझला असता.

दसऱ्याच्या सुमारास एका रविवारी ती परत निघाली तेव्हा मार्था तिला फाट्यापर्यंत सोडायला गेली. जाताना मार्था बांधाकडून गेली. बांध काही फाट्याच्या वाटेवर नाही. मी ओसरीवरून बघत होतो. कोंबडी अंडं कुठं घालते हे घरधन्याला ठाऊक असतं, त्यानं विचारायचं नसतं.

आणि त्या बियानं धरलं. ऊसतोड सुरू झाली होती त्या दिवसांत नातीचा फोन आला. आवाजच सांगत होता. पणजीच्या बियांची रोपं टोचली, तर जखमांतून पांढरी मुळं फुटली होती. मी दूध घालायला डेअरीवर गेलो आणि तिथं रांगेत उभ्या असलेल्या सगळ्यांना सांगितलं की नर्सरीच्या बियांनी हात टेकले, आमच्या बियानं धरलं. बी आपण दिलं नव्हतं हे त्या वेळी माझ्या ध्यानातही नव्हतं. मार्था शेजारीच किटली घेऊन उभी होती. तिचं न बोलणं लई आवाजाचं असायचं.

नाताळ तोंडावर आला तेव्हा आम्ही दोघं संगमनेरला ती मुळं बघायला गेलो. आळेफाट्याला गाडी बदलली, चंदनापुरीचा घाट उतरलो. खाली उसाच्या बैलगाड्यांची रांग लागलेली, बैलांच्या शिंगांना गोंडे, उसाच्या शेंड्याचा, वाढ्याचा हिरवा वास, कारखान्याकडून येणारा मळीचा आंबट वास. मार्थानं खिडकीतून तोंड बाहेर काढून सगळं बघून घेतलं. आमच्या कोरड्या रानात राहिलेल्या माणसाला एवढं हिरवं बघितलं की उगीच श्रीमंत झाल्यासारखं वाटतं. तिच्या मांडीवर करंज्यांचा डबा होता आणि पदराच्या टोकाला एक बारीक गाठ होती. बायकांच्या पदराला गाठ असतेच, मी काय विचारणार.

त्या खोलीत शिरायच्या आधी चपला काढायला लावल्या. हात धुवायला लावले, वर स्पिरिट चोळलं. अंगात पांढरे डगले घातले. मार्थानं लुगड्यावर डगला चढवला, आरशात बघितलं आणि म्हणाली, आज प्रवचन मीच सांगते. आत गारठा, निळसर उजेड. एका फळीवर चंबू ओळीनं बसवलेले आणि ती फळी आपली आपण हलत होती, पाळण्यासारखी. चंबूत गोड पाणी, तोंडाला कापसाचा बोळा, आणि पाण्यात मुळं. मी जन्मभर मुळं बघितली ती तपकिरी, मातीनं माखलेली, दगडाला वळसा घालून वाकडी झालेली. ही पांढरीशुभ्र, शेवयांसारखी, एकमेकींत गुंतलेली, आणि हलत होती. मार्थानं हनुवटीला हात लावला. म्हणाली, उघडीच हायेत गं.

शलूनं वाळवलेल्या मुळांची पुडी सोडली आणि मला म्हणाली, हुंगून बघा, तुम्हालाच कळेल. पोर हुशार. मला कुठं पकडायचं हे तिला बरोबर माहीत. मी चिमूट मोडली, नाकाशी धरली, डोळे मिटले. घोडा होता. धुतलेला, खरारा केलेला, कुठं लांबवर न गेलेला घोडा, पण घोडाच होता. माझा बाप, त्याचा चाबूक, दवाखान्याच्या फाटकापुढं जिच्या सावलीत आमचा टांगा उभा राहायचा ती चिंच, सगळं त्या थंड खोलीत येऊन उभं राहिलं. मी पुडी परत दिली आणि म्हणालो, "बरा हाय." त्याहून जास्त मी कुणाला म्हणत नाही. शलूला ते ठाऊक होतं. तिचे डोळे भरले.

तेवढ्यात तिला सरांनी बोलावलं. शिपायानं मला व्हरांड्यात चहा दिला. तोही टांगेवाल्याचा पोरगा निघाला, मग आमचं घोड्यांवर बोलणं लांबलं. मार्था आत एकटी होती.

पुढच्या शनिवारी शलू आली ती पिशवी खाली न ठेवताच बसली. फळीवरचे सगळे चंबू गढूळले होते. वर पांढरी बुरशी, मुळं काळी पडली. औषधं तीच, पाणी तेच, कुठून शिरली कळत नव्हतं. सरांनी तिचे हात नीट धुतलेले नसणार म्हणून सुनावलं होतं, आणि तिला स्वतःलाही तेच वाटायला लागलं होतं.

मार्थाचे हात पिठात होते. ती भाकरी थापायची थांबली. म्हणाली, "तुझे हात कशाला वंगाळ आसतील? माती मी घातली."

शलूला आधी कळलंच नाही. मार्थानं सांगितलं, बांधावरची माती पदराला बांधून नेली होती. मुळं आपल्या घरची. ती परगावी नांदायला गेली आणि तिच्यापाशी चिमूटभर माती नाही, हे बघून तिला राहवलं नाही. बोळे काढले, माती टाकली, बोळे परत होते तसे लावले.

"सगळ्यांत, आजी?"

"मग? एकीला द्यायची आन एकीला न्हाई, असं कसं करायचं?"

मी मार्थाला रागावणार होतो, पण अर्ध्या मनानं मी तिच्याच बाजूचा होतो. शलूनं विचारलं, किती घातलीस? मार्था म्हणाली, चिमूटच, आत्याबाई देत हुत्या तेवढीच. मग ती पोर पुढं सरकली आणि आजीच्या मांडीत तोंड घालून बसली. पाठ हलत होती. हसते की रडते ते मला वरून दिसलं नाही. मार्था पिठाचे हात वर धरून बसली होती, तिच्या केसांना पीठ लागू नये म्हणून.

दुसऱ्या दिवशी मार्थानं मला सरांना फोन लावायला सांगितला. फोन हातात घेऊन ती उभी राहून बोलली, समोर माणूस असल्यासारखी. "सायेब, पोरीचं हात सोच्छ हायेत. माती माझी हुती." पलीकडून सर म्हणाले, म्हणे, आजी, आता तुमच्यासाठी फळीला कुलूप लावतो. आणि हसले. एक चंबू तेवढा वाचला होता. तो फळीवर नव्हता, खिडकीपाशी टेबलावर होता, मार्थाच्या नजरेला पडला नव्हता. त्यातलं मूळ कापून कापून शलूनं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. हिवाळा मात्र निम्मा गेला होता.

मातीतलं मूळ आपल्या घरी आहेच, ते कुठं जातंय, या समजुतीत आम्ही सगळे होतो.

नाताळच्या सकाळी आम्ही चर्चला गेलो. उपासना लांबली, मग गळाभेटी, मग पोरांचं नाटक. दुपारी परत आलो तर घरामागून धूळ दिसली. गावात नळाच्या योजनेचा पाइप टाकायचा होता. चर खणायचं काम आमच्या बांधापर्यंत आलं होतं, ते नाताळच्या दिवशीच येईल हे कुणाला माहीत. बांध होता तिथं सरळ रेघेत चर. झुडपं, माती, फळं, सगळं जेसीबीनं उचलून टिपरात भरलं आणि टिपर रस्त्याच्या भरावाला गेला. मी इस्त्रीच्या कपड्यांत तसाच भरावापर्यंत चालत गेलो. तिथं रोलर फिरून झाला होता.

जेसीबीवाला खर्ड्याकडचा होता. डबा सोडून बसला होता. मी त्याला काय काय बोललो ते इथं लिहीत नाही. तो घास हातात धरून ऐकत राहिला. म्हणाला, "बाबा, झाड दिसलं असतं तर म्या इचारलं असतं. म्या गवात समजलो." त्याची काय चूक? आईचं जगच मुळात परक्याला रान दिसायचं. मार्था घरात गेली आणि त्याच्यासाठी करंज्या घेऊन आली. सणाचा दिवस हाय, म्हणाली. मला तिचा इतका राग आला की मी त्या दिवशी करंजी खाल्ली नाही. आता वाटतं खायला हवी होती. तिच्या हातच्या करंज्यांचा तो शेवटचा नाताळ होता.

माळावर हिंडून आलो. इकडं तिकडं आसकंद आहे, पण तो माळाचा, आईचा नव्हे. रात्री चुलीपुढं बसलो तेव्हा ध्यानात आलं की आईच्या हातचं म्हणून जिवंत असं आता जगात जे काही आहे ते संगमनेरला, त्या खिडकीपाशी, एका काचेच्या चंबूत.

नव्या वर्षाला शलू आली. खिडकीतला उजेड लागून त्या चंबूतल्या मुळाला हिरवा कोंब फुटला होता, हे तिनं आधीच फोनवर सांगितलेलं. मी तिला चहासुद्धा पिऊ दिला नाही. म्हणालो, तो कोंब मला आणून दे. मी लावतो.

ती कपाकडं बघत राहिली. "नाही देता येणार, आजोबा."

मी विचारलं, का? तिनं समजावलं. त्या कोंबात जंतूचा तुकडा आहे. असलं झाड शेतात लावायचं तर वरून, सरकारकडून परवानगी लागते, आणि ती का लागते यालाही कारण आहे. वाऱ्यावर, किड्यांवर त्याचे पराग माळावरच्या झाडांत गेले तर पुन्हा निवडून काढता येत नाही. मी म्हणालो, माझ्या आईचं झाड, माझी जमीन, मधे वरचे कोण? आवाज चढला माझा. चढतो. तिचा चढला नाही, तेच मला लागलं.

"ते आता नुसतं पणजीचं राहिलेलं नाही," ती म्हणाली. "सातबाऱ्यावर दुसऱ्याचं पण नाव लागलंय. तुम्हीच म्हणाला होतात."

माझाच शब्द माझ्या दारात उभा राहिला. मी उठून गोठ्यात गेलो. त्या संध्याकाळी जेवायला आलो नाही. दुसऱ्या दिवशी ती निघाली तेव्हा मी वळूनही बघितलं नाही. रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या मार्था म्हणाली, "दसऱ्यापासनं म्हणत हुता, आईबापावाचूनचं मूळ. आता त्येच मागाया लागलात. आन पोरीनं न्हाई म्हणलं तर तिलाच उपाशी धाडलं." मी म्हणालो, मी कुठं उपाशी धाडलं, तीच जेवली नाही. "तुमी उठून गेल्यावर कोन जेवंल?" आणि तिनं कूस बदलली. पन्नास वर्षांच्या संसारात मी तिच्याशी भांडून कधी जिंकल्याचं आठवत नाही. ती भांडायचीच नाही, नुसतं सांगायची.

तो आठवडा मोठा गेला. थंडी अशी की रांजणातल्या पाण्याला हात लावला की बोटं बधिर व्हायची. बांधाकडं जायचं मी टाळलं. आईच्या वाफ्याच्या जागी मुरूम दाबून बसवला होता, पांढरा, जखमेवरच्या पट्टीसारखा.

मग मधल्याच वारी, एसटीची वेळ नसताना, शलू कुणाच्या तरी दुधाच्या टेम्पोतून उतरली. हातात बुटाच्या खोक्याएवढा पुठ्ठ्याचा खोका, छातीशी धरलेला. आत काचेच्या नळ्या, आणि नळ्यांत बोटभर उंचीची रोपं. हिरवी, नाजूक, दोन-चार पानांची.

मी बोलायचं नाही असं ठरवलं होतं, पण तोंडातून गेलंच, ही कुठली?

"पणजीचीच. बी आजीनं दिलेलं. पण यांना टोचलेलं नाही. जंतू नाही, तुकडा नाही. पणजीनं पदरात आणलं होतं तसंच आहे."

"ह्यांना का न्हाई टोचलं?"

"टोचल्यानं काय बदललं ते कळायला काही तशीच ठेवावी लागतात, आजोबा. नाहीतर तुलना कशाशी करायची?" त्या रोपांवर तिचं मोजमाप अवलंबून होतं. सरांना तिनं सगळं सांगितलं, तेव्हा सरांनी कामापुरती ठेवून घेतली आणि बाकीची घेऊन जा म्हणाले.

मी एक नळी उजेडात धरली. काचेआड ते रोप असं उभं होतं जसं काही झालंच नाही. बांध गेला, माती गेली, चंबू नासले, आणि हे आपलं दुसऱ्या कपाटाच्या कोपऱ्यात, कुणी न टोचल्यामुळं, जसंच्या तसं. मी म्हणालो, "म्हंजे तुमी समदे घरातले शिकलेले, टोचलेले. आन मी तिसरीतनं उठलेला. मी बी असाच कोपऱ्यात ठिवलेला."

"व्हय," ती आमच्या बोलीत म्हणाली. "आन आमी सारखं तुमच्याशी मापून बघतो."

मी नळी परत खोक्यात ठेवली आणि मार्थाला हाक मारून शलूसाठी चहा टाकायला सांगितला.

पुढचं शलूचं सांगून टाकतो. त्या एका चंबूपासून तिनं फळी पुन्हा भरली. हिवाळा सरता सरता सरांनी तिच्या बापाला स्वतः फोन करून सांगितलं की शाळेची नोकरी राहू द्या. आज ती दुसऱ्या पोरांना रोपं टोचायला शिकवते. ती चंबूतली मुळं औषधाला चांगली की वाईट, हा वाद आमचा अजून मिटलेला नाही. मिटवायची मला घाई नाही. भांडायला कुणीतरी पाहिजे. मार्था त्याच्या पुढच्या पावसाळ्यात गेली.

पण मला तो हिवाळा आठवतो तो चंबूंसाठी नाही. ती रोपं आम्ही मागच्या दाराशी, मोरीचं पाणी जिरतं तिथं लावली, त्या दुपारींसाठी आठवतो. काचेत वाढलेली रोपं. त्यांना वारा ठाऊक नव्हता, ऊन ठाऊक नव्हतं. मातीत लावली की तासाभरात माना टाकायला लागली. शलू सांगून गेली होती, थोडे दिवस सावली द्या, मग हळूहळू उन्हाला शिकवा. मी खुरपं घेऊन काठ्या रोवायला निघालो, वर पोतं टाकणार होतो. मार्थानं नको म्हटलं. ती उन्हाकडं पाठ करून रोपांपाशी बसली, डोक्यावरचा पदर दोन्ही हातांनी पसरून, आणि तिची सावली त्या रोपांवर पडली. हिवाळ्याचं ऊन, पण दुपारचं पाठीत टोचतं. सूर्य सरकला की ती बसल्या बसल्या सरकायची. तांदूळ निवडायची, गुणगुणायची, रोपांशी काहीबाही बोलायची. मी म्हणालो, अगं, पाटी पालथी घाल, कशाला बसतीस.

ती म्हणाली, "पाटीला कळत न्हाई, ऊन कुठं गेलं ते."

दिवस कलायला लागला तेव्हा तिला चूल पेटवायची होती. गुडघ्यावर हात टेकून ती उठली. सावली उठली तशी रोपांवर तिरपं ऊन आलं. मी आजूबाजूला बघितलं, कुणी नव्हतं. मग मीच जाऊन तिच्या जागी बसलो.